आधी कोंबडा बघायचा

आण्णांवर काहीतरी चांगलं लिही, असं माझा भाचा, भावाचा मुलगा, मला सारखा म्हणतो. आमच्या भागात गावरान सोडून जातिवंत कोंबड्यांची पैदास आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांत आधी सुरू केली, लांबलांबची माणसं त्यांच्याकडे शिकायला यायची, उन्हाळ्यात कोंबड्या जगवाव्यात तर त्यांनीच, हे सगळं खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण आण्णांची आठवण काढायची म्हटली की मला एक उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की या वयातही माझे कान तापतात. डॉक्टर म्हणतात, बाई, रक्तदाब सांभाळा, रागावत जाऊ नका. मी गोळी घेते आणि रागावते.

मोठा दुष्काळ पडायच्या आधीचा तो उन्हाळा. भिंगारच्या पुढं, छावणीची हद्द संपते तिथं आमचा खडकाळ माळ होता. आण्णा छावणीत गोदामाचे कारकून होते. तिथल्या एका साहेबाच्या बंगल्यामागं पांढऱ्याशुभ्र परदेशी कोंबड्या त्यांनी पहिल्यांदा बघितल्या आणि त्या त्यांच्या डोक्यात शिरल्या. नोकरी सोडून त्यांनी माळावर शेड बांधल्या. वर पत्रा, पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर, बाजूंना जाळी आणि जाळीला लटकवलेली गोणपाटं. त्या गोणपाटांवर दिवसभर पाणी मारायचं काम आईचं आणि माझं. माझा भाऊ पारनेरला आजोळी शिकायला होता, म्हणून या हकिकतीत तो नाही. पहाटे छावणीतला बिगुल वाजायचा, पण त्याच्याही आधी आमचे कोंबडे आरवायचे. दुपारी मात्र सगळा माळ गप्प व्हायचा. शेडमध्ये गेलं की एकच आवाज, शेकडो चोचींतून चाललेली धाप. कोंबड्यांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडवून त्या नुसत्या हापत उभ्या राहतात, आणि तो आवाज ऐकला की आपल्यालाच गुदमरल्यासारखं होतं.

आमच्या कोंबड्या खायच्या अंड्यांसाठी नव्हत्या. त्यांची अंडी हॅचरीत जायची, तिथल्या यंत्रात उबवून त्यांची पिल्लं निघायची. त्यामुळे नुसतं अंडं पडून भागत नसे, त्यात जीव धरलेला असावा लागे, कवच घट्ट असावं लागे. उन्हाळ्यात कोंबडी पाणी फार पिते आणि खाते थोडं. म्हणून आण्णांचं म्हणणं असं, की ती जे थोडं खाईल त्यात सगळं गेलं पाहिजे. खाद्य पहाटे गारव्यात आणि पुन्हा ऊन कलल्यावर. त्यात शिंपल्यांचा चुरा, कवचासाठी. लसूणघास विळीवर बारीक चिरून. ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेला गहू. आणि एका डब्यातलं माशाच्या काळजाचं तेल, जे खाद्याला हातानं चोळावं लागायचं. तो वास साबणानं जात नसे. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे तो त्या तेलामुळे. दुपारच्या पाण्यात गूळ, मीठ आणि लिंबू. नर कोंबड्यांचं खाद्य वेगळं असायचं, त्यांचा डबा उंच टांगलेला, माद्यांची चोच पोचणार नाही असा, कारण मोडाचा गहू आणि तेल त्यांना जास्त द्यायचं असे. आमच्या घरात गहू सणासुदीला. एरवी बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, खुरासणीची नाहीतर शेंगदाण्याची चटणी. पण कोंबड्यांना रोज गहू. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. धंदा म्हणजे असंच असतं, असं वाटायचं.

मग सोनईहून अक्का आली.

अक्का माझी मोठी बहीण, वत्सला. तिला सोनईला एका चांगल्या बागायतदाराच्या घरी दिली होती. घरात ऊस, दारात बैल, सासू, नवरा, दोन दीर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अक्का मूळची उंच, हाडापेरानं मजबूत, दोन हातांत दोन बादल्या घेऊन हसत चालणारी. त्या खेपेला ती एसटीतून उतरली तर मला ओळखायला क्षणभर लागला. गळ्याची हाडं वर आलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. तिच्या पिशवीत कसल्यातरी काळ्या चूर्णाची बरणी होती. सासूबाईंनी, अक्का त्यांना आत्याबाई म्हणायची, कुठल्या वैद्याकडून ते आणलं होतं. सकाळी अनशापोटी चमचाभर घ्यायचं, दिवसात एकदाच जेवायचं आणि ते अळणी. मिठाचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही. कूस उघडेपर्यंत.

ते चूर्ण घेतलं की अक्का मोरीत जाऊन ओकायची. आई तिची पाठ चोळायची आणि डोळे पुसायची. त्यापलीकडे काही करायची नाही. अक्का मग तोंड धुऊन शेडवर यायची, कारण बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या उन्हात ती गोणपाटं भिजवायची, पाण्याची पिंपं भरायची. तिच्या पायांत गोळे यायचे, चालताचालता ती शेडशेजारच्या कुडाला धरून उभी राहायची. एकदा कोंबड्यांच्या पाण्यात मीठ कालवताना मी बघितलं, ती ओल्या बोटांकडे बघत होती. चाटली नाहीत तिनं. पातळाला पुसली.

त्याच दिवशी एक पांढरी कोंबडी पाय ओढत चालताना आण्णांना दिसली. त्यांनी तिला अलगद उचललं, पोटाखालून हात फिरवला, पाय दाबून बघितला आणि मला म्हणाले, "सुमे, हिला वायली ठेव. अंगातला चुना कमी झालाय. अंडी देऊन देऊन हाडं रिकामी झाल्यात बिचारीची. शिंपल्याचा चुरा जादा घाल आन दोन दिस सावलीत असू दे."

अक्का तिथंच कुडाला धरून उभी होती.

मी म्हणाले, "आण्णा, अक्काच्यापन पायात गोळे येत्यात. तिचं मीठ कशापायी बंद केलंय?"

"त्ये तिच्या सासरचं पथ्य हाय. आपन मधी पडायचं न्हाई."

"ती आपल्या घरी हाय ना आता."

"सून त्यांची हाय," आण्णा म्हणाले, आणि कोंबडी माझ्या हातात देऊन निघून गेले. किती हळुवार दिली ती. मला त्यांचे ते हात अजून दिसतात. वाईट माणसाचे हात नव्हते ते. म्हणूनच मला राग येतो. त्यांना कळत नसतं तर मी सोडून दिलं असतं.

उन्हाळा चढत गेला तशी एक गोष्ट बिघडली. हॅचरीचे व्यवस्थापक स्कूटरवरून आले, मागं बांधलेल्या खोक्यात आमचीच अंडी होती. यंत्रात ठेवून काही दिवसांनी काढलेली. आण्णांनी अंधारी कोठी उघडली, एका डब्याला भोक पाडून त्यात बल्ब बसवलेला होता, त्यावर एकेक अंडं धरायला सुरुवात केली. जीव धरलेलं अंडं असं उजेडावर धरलं की आत तांबड्या रेषांचं जाळं दिसतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मला ते बघायला फार आवडायचं. पण त्या दिवशी अंड्यामागून अंडं नुसतं पिवळसर, स्वच्छ. आत काही नाही. आम्ही अशा अंड्यांना कोरी अंडी म्हणत असू. लोक दुसरा शब्द वापरायचे, जो बायकांनाही लावतात. आण्णांनी तो आमच्या शेडवर कधी वापरू दिला नाही. कोंबडीचा अपमान होतो, म्हणायचे.

"निम्म्याहून जास्त अशीच आहेत," व्यवस्थापक म्हणाले. "तुमच्या माद्या उतरल्या की काय? बदलून टाका लॉट."

आण्णा हसले. रागावले नाहीत. "साहेब, मादी अंडं देतीय ना? कवच घट्ट हाय, आकार बरोबर हाय. मग तिला कशाला दोष? अंडी कोरी निघाली की आधी कोंबडा बघायचा. वरून कसा दिसतो त्याच्यावर जाऊ नका. तुरा लाल, छाती पुढं, आरवतोय झकास, पन उन्हानं आतून थंड पडलेला असतो. उन्हाळ्यात बहुतेक खोट त्याच्यातच निघते."

अक्का दारात उभी होती. हातात व्यवस्थापकांसाठी आणलेला चहा. ती म्हणाली, "आण्णा, कोंबड्याचीबी खोट असती?"

"असती म्हंजे? माणसं उगाच मादी कापून खात्यात," आण्णा बोलण्याच्या भरात म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं आणि विचारणारी कोण आहे ते त्यांना दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मी ते बघितलं आहे, कुणी मला सांगू नये की त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. हातातलं अंडं त्यांनी खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, "चहा ठेव आन जा."

त्या दिवसापासून नर कोंबड्यांची सरबराई सुरू झाली. म्हातारे, जड झालेले कोंबडे काढले. बाकीच्यांना दुपारी गार जागेत वेगळं ठेवलं. मोडाचा गहू वाढवला, तेल वाढवलं, पाण्यात आवळ्याचा रस घालायला सुरुवात केली. आण्णा स्वतः एकेकाला मांडीवर घेऊन बघायचे, पिसं उलटी करून उवा बघायचे, पायाचे तळवे बघायचे. सोनईच्या घरात मात्र माझ्या मेव्हण्याला कुणी असं उलटंपालटं करून बघितलं नव्हतं.

चार-दोन दिवसांनी अक्का मला म्हणाली, "सुमे, नगरला यायचं का माझ्याबरूबर?" अंडी घेऊन टांगा नगरला जायचा, त्यातून आम्ही दोघी गेलो. आईला सांगितलं बांगड्या भरायला जातो. अक्का मला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, आवाजाला कडक. त्यांनी अक्काला आत नेलं, बराच वेळ तपासलं, मग मलाही आत बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न माझ्या लक्षात आहे.

"हिचं मीठ कुणी बंद केलं? या उन्हात?"

अक्काच्या आधी मीच सांगून टाकलं, चूर्णाचं, एकवेळच्या जेवणाचं, सगळं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "ते चूर्ण आजच्या आज फेकून द्यायचं. भाकरी खा, डाळ खा, मीठ खा, मिळेल तेव्हा अंडं खा. अंडी तर तुमच्या घरात आहेत ना? मग ही अशी का झाली आहे? आणि हे बघ, वत्सला, तुझ्यात मला काही दोष दिसत नाही. पाळी वेळेवर आहे, सगळं जागच्या जागी आहे. आता नवऱ्याला घेऊन ये. पुरुषाची तपासणी साधी असते, दुखत नाही, खुपत नाही. त्याला आणल्याशिवाय पुढं काही सांगता येणार नाही."

घरी आल्यावर अक्कानं बरणी परसातल्या निवडुंगामागं रिकामी केली आणि संध्याकाळी आमटी वाढून घेतली, सगळ्यांची होती तीच. आईनं बघितलं. मला वाटलं आता बोलेल. आईनं तिच्या ताटाच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली आणि भाकरी थापायला वळली. माझी आई आयुष्यभर अशीच होती. बरोबर तेच करायची, पण आवाज न करता, म्हणजे कुणाला जाब द्यावा लागू नये.

पुढच्या आठवड्यात मेव्हणे आले, मी त्यांना दाजी म्हणायची. दाजींबद्दल मला कधी वाईट बोलता आलेलं नाही आणि हीच माझी अडचण आहे. मऊ बोलायचे. माझ्यासाठी शाईचं पेन आणलं होतं, निकाल लागल्यावर कॉलेजात जाशील तेव्हा वापर म्हणाले. शेडच्या मागं अक्कानं त्यांना गाठलं. मी घास कापत होते, कुडापलीकडे. ऐकायचं म्हणून थांबले नाही, पण उठूनही गेले नाही.

अक्का म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं तुमाला बोलावलंय. नगरातच. मी संगं येते. कुनाला कळायचं न्हाई."

दाजी म्हणाले, "वत्सला, असं कसं जायचं. कुनी बघितलं तर? गावात लोकं काय म्हनतील?"

"मला काय म्हनत्यात ते ऐकलंय ना तुमी?"

"तुझं वायलं हाय," दाजी म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. तुझं वेगळं आहे. मी विळा खाली ठेवला.

आणि मग ती दुपार. आंब्याचे दिवस. सोनईहून तिघं आली, आत्याबाई, दाजी आणि दाजींचे मामा. मामा बोलणारे होते, फेट्याचा शेमला सारखा करत बोलायचे. आईनं आमरस केला, कुरडया तळल्या, त्या दिवशी आम्हा माणसांसाठीही गहू दळला. जेवणं झाली, सुपारी कातरून झाली. मी माजघरात दाराआड भांडी आवरत होते. अक्का शेडवर गेली होती.

मामा म्हणाले, "पाव्हनं, लांबन लावत न्हाई. वंशाला दिवा पायजे. दुसरी करायचं आमी ठरवलंय. पन परकी कशाला आनायची? तुमची धाकटी हाय. बहिनीला बहीन. मोठी काय घराभाईर जात न्हाई, दोगी सुखानं नांदतील."

आत्याबाई म्हणाल्या, "सुमनला मी बघितलीय. हाडापेरानं चांगली हाय."

हाडापेरानं चांगली. हॅचरीचे व्यवस्थापक आमच्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, निवडताना असंच म्हणायचे. माझ्या हातात पितळी पातेलं होतं. मला वाटलं आण्णा आता उठतील. आण्णा म्हणतील, पोरगी अकरावी मॅट्रिकला बसलीय, तिला शिकवायचंय. आण्णा म्हणतील, आधी तुमच्या पोराला दवाखान्यात न्या. माझे वडील ज्ञानी माणूस होते. त्यांना माळावरच्या प्रत्येक कोंबड्याच्या पोटात काय चाललंय ते माहीत होतं.

आण्णा म्हणाले, "घरातल्या घरात ऱ्हाईल म्हना. तसं वाईट न्हाई. इचार करतो."

मी कितीदा हे वाक्य आठवलं असेल. लोक म्हणतात, काळ तसा होता. काळ तसा होता म्हणजे काय? त्याच काळात, त्याच माणसानं, त्याच उन्हाळ्यात एका परक्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं की मादीला दोष देऊ नका. काळानं त्यांना तेव्हा नाही अडवलं.

मी दारातून पुढं होणार तेवढ्यात परसदारातून अक्का आत आली. तिनं ऐकलं होतं. हाताला खाद्य चिकटलेलं, तेलाचा तो वास. ती माजघर ओलांडून थेट ओसरीवर गेली आणि पुरुषांच्या समोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तो तिनं सारखाही केला नाही.

"आण्णा, पाव्हण्यांना सांगा, अंडी कोरी निघाली तवा तुमी आधी काय बघितलं?"

आण्णांची मान वर झाली. "वत्सला, आत जा."

"सांगा ना. साहेबाला सांगितलं तसं."

"आत जा म्हनतो ना."

"मग मी सांगते," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. पाणी कुणाला हवं का, असं विचारावं तसा होता. "आमच्या शेडवर अंडी कोरी निघाली की आमी आधी कोंबडा बघतो. मी नगरच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईनं तपासलं. माझ्यात खोट न्हाई म्हनल्या. यांना घिऊन ये म्हनल्या. मी यांना सांगितलं, हे आले न्हाईत. आता माझी बहीन मागताय. तिलाबी काळं चूर्न पाजायचं का? ती न्हाई मिळनार. आन मीबी येत न्हाई."

आत्याबाई उठल्या, पदर झटकून म्हणाल्या, "पोराला माझ्या कोंबडा म्हनली. भरल्या ओसरीवर." मामा दाजींकडे बघत होते. दाजी पायाच्या अंगठ्याकडे. आण्णा उठले आणि त्यांनी अक्काच्या तोंडात मारली. मोठ्या मुलीला, सासरच्यांसमोर. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा आई मध्ये आली. ती इतक्या लोकांत कधी ओसरीवर आलेली नव्हती. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "हात खाली घ्या. ती काय खोटं बोलली ते आधी सांगा."

आण्णांनी हात खाली घेतला. पाहुणे गाडीच्या वेळेआधीच निघून गेले.

नंतर आण्णा अक्काशी बोलेनासे झाले. तिच्याशी काही बोलायचं असेल तर आईला सांगायचे, "तिला म्हनाव, घास संपत आलाय." ती समोर उभी असली तरी. माझं तोंड काळं केलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे. इकडे कोंबडे सुधारले. अंडी उजेडावर धरली की पुन्हा तांबडी जाळी दिसू लागली, व्यवस्थापक पेढे घेऊन आले, आणि पुढं आण्णांना गावोगाव बोलवायला लागले. मी एकदा त्यांचं भाषण ऐकायला गेले होते. शेतकऱ्यांसमोर उभे राहून ते ठणकावून सांगत होते, मादीला दोष देऊ नका. लोक माना डोलवत होते. मी उठून बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही, आणि तो राग तसाच आत राहिला.

दाजींचं दुसरं लग्न झालं, राहुरीकडची मुलगी केली. तिलाही मूल झालं नाही. तिनंही ते चूर्ण घेतलं असणार. मग सोनईत म्हणायला लागले, त्या घराला कुणाचातरी शाप आहे. शाप शोधून काढला त्यांनी, पण नगरचा दवाखाना काही सापडला नाही. अक्कानं पुन्हा लग्न केलं नाही. आमच्या नात्यातल्या बायका अजून म्हणतात, तिला मूल झालं असतं तर सिद्ध तरी झालं असतं. मी त्यांना विचारते, कुणापुढं सिद्ध करायचं होतं? आणि सिद्ध झालं असतं तरच तिला मीठ मिळायला हवं होतं का? मग त्या विषय बदलतात.

दुष्काळात निम्म्याहून जास्त पक्षी काढावे लागले. आण्णांचे गुडघे गेले, आणि हळूहळू सगळा कारभार अक्काच्या हातात आला. कुणी दिला असं नाही. ती पहाटे उठत होती, एवढंच. मी शिक्षिका झाले, पारनेर तालुक्यात नोकरी लागली, सुट्टीला भिंगारला यायची.

अशाच एका सुट्टीत दाजी आले. एकटेच. बरीच वर्षं गेली होती मध्ये. आत्याबाई वारल्याचं आम्हाला कळलं होतं. दाजींचे केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. ओसरीच्या कडेवर बसले. आण्णा खाटेवर होते, ते एकदम सावरून बसले, आईला चहा टाकायला सांगितला, ऊसपाण्याची चौकशी केली. अक्कानं तांब्याभांडं आणून ठेवलं. दाजींनी पाणी तसंच ठेवलं आणि म्हणाले, "वत्सला, मी पुण्याला जाऊन आलो. तपासून. तू तवा म्हनत हुतीस ते..."

"पानी प्या," अक्का म्हणाली. "आन निघा. शेवटची गाडी चुकंल."

दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग पाणी प्यायले आणि उठले. मला ते वाक्य पुरं व्हायला हवं होतं. आण्णांच्या समोर, मोठ्यानं. मी आत जाऊन अक्काला म्हणाले, "बोलू द्यायचं हुतंस ना दाजींना."

ती म्हणाली, "तुला ऐकायचं हुतं. मला म्हाईतच हुतं."

बाहेर बघितलं तर आण्णा काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी, दाजींना पोचवायला माळाखालच्या, हाकेच्या अंतरावरच्या फाट्याकडे निघाले होते. इतके दिवस ते परसापर्यंतही जात नव्हते. त्यांच्या दुसऱ्या हातात करंडी होती, भुस्सा घालून अंडी भरलेली, कोठीतली, दुसऱ्या दिवशी हॅचरीत जाण्यासाठी अक्कानं निवडून ठेवलेली. एसटी आली. आण्णांनी हात करून ती थांबवली, करंडी दाजींच्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून जावा, जावईबापू."

अक्का दारात माझ्याशेजारीच उभी होती. ती धावली नाही. नेहमीच्या चालीनं माळ उतरून फाट्यावर गेली, मी तिच्या मागं. टपावरचं सामान उतरत होतं, दाजींचा एक पाय पायरीवर होता. तिनं त्यांच्या हातातून करंडी काढून घेतली. मग आण्णांकडे वळली. त्या दुपारनंतर ती त्यांच्याशी सरळ बोलत होती ती पहिल्यांदाच.

"कुनाला इचारून दिली?" ती म्हणाली.

आण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. गाडीतले लोक बघत होते. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि दाजी आत चढले. अक्का करंडी कमरेवर घेऊन परत फिरली. चढावर थांबून तिनं भुस्सा बाजूला करून अंडी बघितली, एखादं तडकलंय का म्हणून. मग मला म्हणाली, "आण्णांना हात दे. त्यांच्यानं एकट्यानं चढवायचं न्हाई," आणि पुढं निघून गेली.